एका खोलीची शाळा: वारसा म्हणायचा की धोकादायक इमारत?

विचारणारे औसा तालुक्यातल्या एका गावचे ग्रामपंचायत सदस्य आहेत. गावात जिल्हा परिषदेची जुनी, एका खोलीची दगडी शाळा आहे. वर माळवद, म्हणजे लाकडावर घातलेलं मातीचं सपाट छत, पुढे कौलांची पडवी. मागे नंतर झालेल्या दोन स्लॅबच्या खोल्यांत आता वर्ग भरतात. जुनीचं निर्लेखन करून, म्हणजे ती कागदोपत्री बाद ठरवून पाडून, तिच्या जागी नवी वर्गखोली घ्यावी असा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे आलाय आणि गावात दोन तट पडलेत. म्हातारी माणसं म्हणतात, निजामाच्या काळातली वास्तू आहे, हात लावायचा नाही. तरुण पालक म्हणतात, उद्या लेकराच्या डोक्यात धोंडा पडला तर निजाम येणार आहे का? सदस्य त्याच खोलीत चौथीपर्यंत शिकलेत. त्यांचा प्रश्न: "हिला हेरिटेज म्हणता येतं का, आणि म्हणता आलं तर पाडणं थांबेल का?"

दुसऱ्या भागापासून सुरू करतो, तो सोपा आहे. नाही, थांबणार नाही. राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९६०चा आहे. त्यात वास्तू बरीच जुनी असावी लागते आणि नुसतं वय भरलं म्हणून ती आपोआप संरक्षित होत नाही, सरकारला तशी अधिसूचना काढावी लागते. अमेरिकेत साधारण ५० वर्षांची इमारतसुद्धा राष्ट्रीय नोंदवहीसाठी विचारात घेतात, त्यामुळे तिकडच्या एका खोलीच्या शाळा त्या यादीत गेल्या. आपल्याकडे मोठ्या शहरांत वारसा इमारतींच्या श्रेणीवार याद्या असतात. गावठाणातल्या जिल्हा परिषदेच्या खोलीपर्यंत त्या याद्या पोचलेल्या मी तरी पाहिलेल्या नाहीत. तेव्हा खोली वाचवणारा कागद मुंबईहून येईल याची वाट बघू नका. झाला तर तो तुमच्या ग्रामसभेतच होईल.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात शाखा अभियंता म्हणून नोकरी केली, १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर काही वर्षं मजबुतीकरणाच्या कामावर होतो, आणि निवृत्तीनंतर वाडे, गढ्या, देवळांच्या ओवऱ्या दुरुस्त करणाऱ्या गवंड्यांबरोबर फिरतो. निर्लेखनाचे अहवाल मी भरपूर लिहिलेत. त्यात एक ठरलेलं वाक्य असतं: 'इमारतीचे आयुर्मान संपलेले असून ती वापरास धोकादायक आहे.' हे वाक्य मी कधी कधी कुलूपसुद्धा न उघडता लिहिलंय, हेही कबूल करतो. चावी मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक मीटिंगला, आणि मला संध्याकाळच्या आत आणखी दोन गावं उरकायची.

तुमच्याकडचं भांडण वारसा विरुद्ध सुरक्षा असं दिसतंय. मला त्यात दोन वेगळे प्रश्न एकाच ठरावात कोंबलेले दिसतात. खोलीत असं काय आहे जे गेलं तर पुन्हा करता येणार नाही, हा एक. खोली उभी राहील का आणि कशाने, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर अभियंता देऊ शकत नाही आणि दुसऱ्याचं म्हातारी माणसं देऊ शकत नाहीत. दोघं एकमेकांच्या प्रश्नाचं उत्तर देत बसलेत म्हणून भांडण मिटत नाही.

आधी ते 'निजामाच्या काळातली' तपासा. आपल्याकडे काळ्या दगडाची भिंत दिसली की ती निजामकालीनच ठरते. त्या राज्यात प्राथमिक शाळेला तहतानिया म्हणत, पुढे वस्तानिया, मग फौखानिया. वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचंच. खेड्यात शाळा असली तरी तिला स्वतःची इमारत असायचीच असं नाही. मी ज्या वयस्कर माणसांशी बोललोय त्यांतली बरीच मारुतीच्या देवळात, चावडीत नाहीतर कुणाच्या तरी वाड्याच्या ओसरीवर शिकली. त्यामुळे १७ सप्टेंबर १९४८च्या आधीची आणि शाळा म्हणूनच बांधलेली खोली निघाली, तर ती दुर्मीळ आहे हे मी छातीठोक सांगेन.

पण ती १९५० नाहीतर ६०च्या दशकातली निघाली तर गावाने हिरमुसायचं कारण नाही. मला स्वतःला त्या खोल्या जास्त बोलक्या वाटतात. मुक्तिसंग्राम नुकताच संपलेला. कुणी जागा दिली, कुणी खाणीतला दगड बैलगाडीने आणला, कुणी बांधावरचा लिंब तोडून तुळईला दिला. हैदराबाद राज्य गेलं, १९५६ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६०ला महाराष्ट्र झाला, १९६२ला जिल्हा परिषदा आल्या. दहा-बारा वर्षांत खोलीवरचं सरकार तीनदा-चारदा बदललं, आत बाराखडी तीच चालू. धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ची, स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवायला होते. तसं नाव तुमच्या खोलीला नसेल. नसू दे. सगळ्याच शाळांतून स्वामीजी गेलेले नाहीत.

वय ठरवायला कागद लागतात आणि ते वाटतात तितके अवघड नसतात. पहिला कागद शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे कोणतं मूल कधी शाळेत आलं, कधी गेलं याची वही. सगळ्यात जुनं काढा, पहिल्या पानावरची तारीख बघा. उर्दूत असेल तर घाबरू नका, गावात नाहीतर शेजारच्या गावात वाचणारं कुणीतरी असतंच. सन फसली, म्हणजे निजामाच्या दप्तरातला, असेल तर त्यात साधारण ५९० मिळवा: फसली १३५० म्हणजे १९४०-४१. मात्र शाळा जुनी म्हणजे खोली जुनी असं होत नाही, शाळा आधी देवळात भरत असेल. म्हणून दुसरा कागद जागेचा. १९५४-५५चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे जमिनींची जुनी नोंद, तहसीलला मिळतं. जागा गावठाणाबाहेर, एखाद्या सर्व्हे नंबरात असेल तर त्यात काहीतरी सापडतं, गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठची, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीची, जुनी पानं चाळावी लागतात. आणि एक लक्षात ठेवा, लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ला झाला. त्याआधीचं बरंच काही धाराशिवच्या दप्तरात असू शकतं. लातूरच्या कचेरीत 'नाही' म्हणाले म्हणजे ते नाहीच असं समजून परत येऊ नका.

इमारतही स्वतःची तारीख सांगते. पडवीवर मंगलोरी कौलं आहेत ना? एक उलटं करून बघा, पाठीवर कारखान्याचा छाप असतो. बेसल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ साली काढला, पुढे बाकीचे आले. लातूरला बार्शी लाइटची गाडी १९११ला पोचली, तेव्हापासून असा जड माल इकडे यायला सोपा झाला. लोखंडी गर्डर असेल तर त्याच्या पोटावरही नाव उठवलेलं असतं. पण कौलं बदलतात, गर्डर दुसरीकडून काढून आणलेला असतो. एका खुणेवर वय ठरवू नका. दोन-तीन खुणा एकाच दशकाकडे बोट दाखवायला लागल्या की मग बोला.

आता मुद्द्याच्या गोष्टीवर येतो. अशा खोलीची किंमत वयात जेवढी असते त्याहून जास्त ती वाचता येते का यात असते. कळंब भागातली एक शाळा मी मापं घेऊन कागदावर उतरवली होती, तिचं सांगतो.

आतून तीस फूट बाय वीस. दार लांब भिंतीच्या बरोबर मध्ये. मी आधी म्हटलं, हे काय, दार कोपऱ्यात घेतलं असतं तर एक सलग भिंत मोकळी मिळाली असती. मग दोन्ही आखूड भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात काळे केलेले चौकोन दिसले. एकाची खालची कड जमिनीपासून दीड फुटावर, दुसऱ्याची अडीच फुटांवर. तिथे उलगडलं. पहिली-दुसरी एका भिंतीकडे तोंड करून बसायची, तिसरी-चौथी त्यांच्या पाठीला पाठ लावून दुसऱ्या भिंतीकडे. बुटका फळा बुटक्या पोरांचा. गुरुजी एकटे, ते मधल्या पट्ट्यात, दारासमोर, म्हणजे चारही इयत्ता आणि बाहेरून येणारा माणूस एका जागेवरून दिसतो. खिडक्यांची खालची कड चार फुटांवर, खाली बसलेल्या पोराला रस्त्यावरची बैलगाडी दिसू नये आणि उजेड तर यावा. हे कुठल्या नकाशावर लिहिलेलं नव्हतं. एका माणसाने चार वर्ग कसे सांभाळायचे याचा विचार करूनच कुणीतरी भिंती उभ्या केल्या होत्या.

बुटक्या फळ्याची कड मी नखाने जराशी खरवडली तर कांद्यासारखे पापुद्रे निघाले. गावातल्या एका आजोबांना विचारलं. म्हणाले, "दसऱ्याच्या पाटीपूजनाआधी आमी चौथीची पोरं कोळसा वाटायचो, धोतरातून गाळायचो, पाल्याच्या रसात कालवून फळा घोटायचो. हात आठ दिस काळं." प्रत्येक पापुद्रा म्हणजे चौथीची एकेक तुकडी. दाराशेजारच्या कोनाड्यावर काजळीचा पट्टा होता. दिवसाच्या शाळेला दिवा कशाला? तर रात्री मोठ्यांचा साक्षरतेचा वर्ग भरायचा, आजोबांची आई त्यात सही करायला शिकली. दारातली शहाबादी फरशी मध्ये इतकी झिजलेली की पाऊस आला की त्यात वाटीभर पाणी साठायचं. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो मात्र चोरीला गेला होता, लोखंड ते लोखंड.

तुमच्या खोलीत यातलं काय शिल्लक आहे ते तुम्हीच जाऊन बघा. दोन्ही भिंतींवर सिमेंटचा गिलावा मारून वर ऑइलपेंट लावला असेल, फरशी काढून टाइल्स बसवल्या असतील, दार बुजवून दुसरीकडे काढलं असेल, तर वय कितीही निघालं तरी खोली बरीचशी मुकी झालेली असते. मग मी ती राखण्याचा आग्रह धरणार नाही. आठवणी गावाच्या डोक्यात आहेत, त्यांच्यासाठी छतावरच्या मातीचं ओझं डोक्यावर घ्यायची गरज नाही.

आणि मागच्या त्या दोन खोल्यांकडेही एकदा नीट बघा. १९८७ला खडू-फळा योजना आली. शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, त्यातली एक बाई, असा तिचा आग्रह होता. एका खोलीत चार वर्ग हा प्रकार कागदोपत्री तिथून संपायला लागला. तुमच्या खोल्या त्या काळातल्या असतील तर तुमच्या एकाच आवारात जुनी आणि नवी व्यवस्था शेजारी-शेजारी उभ्या आहेत. हे गावोगाव दिसत नाही, कारण बहुतेक ठिकाणी जुनी खोली पाडूनच नव्यांना जागा केली.

तशी एक खोली पाडायला मीच लावली होती. गावाचं नाव नको. नव्वदच्या दशकाचा शेवट, तीन खणांची, म्हणजे खांबांच्या ओळींनी तीन भाग पडलेली खोली, उत्तरेच्या भिंतीला पोट सुटलेलं. मी अहवाल लिहिला, वरून मंजुरी आली, सामानाचा लिलाव झाला. सागवानी खांब बघायला तालुक्याहून व्यापारी आले होते. पाडताना दिसलं की पोट फक्त जिथे माळवदाची पन्हाळ फुटली होती तिथेच होतं. पाणी भिंतीच्या गाभ्यात मुरून मधली भर फुगलेली. बाकी तीन भिंती घणाला दाद देत नव्हत्या. म्हणजे दुखणं एका पन्हाळीचं होतं आणि आम्ही माणूसच जाळला. कपाटातले जुने कागद कुणी उचलून ठेवले नाहीत, रद्दीत गेले असावेत. २०२३ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात जो तो जुनी दाखल-खारीज रजिस्टरं धुंडाळायला लागला, तेव्हा त्या गावातून मला फोन आला. "सायेब, साळा पाडली तवा तुमी व्हता ना? रजिस्टरं कुटं गेली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खांब कितीला गेले ते मात्र आठवत होतं.

म्हणून पाडा नाहीतर राखा, रजिस्टरं आजच्या आज बाहेर काढा. प्रत्येक पानाचा मोबाइलने सरळ वरून, सावली न पाडता फोटो घ्या. मूळ वह्या शाळेच्याच ताब्यात, लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, दमट हवेने आतल्या आत बुरशी धरते. लोक आधी भिंतींचं बोलतात, मी आधी कागदाचं विचारतो, ते या फोनमुळे.

आता तरुण पालकांच्या प्रश्नाकडे. त्यांचं भय खोटं नाही आणि आपल्या भागात ते हसण्यावारी नेणारा माणूस मला सहन होत नाही. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे तीन छप्पन. किल्लारीच्या आसपास जी माणसं गेली त्यांतली बहुतेक त्यांच्याच जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाखाली गेली. तेव्हा हा पट्टा भूकंपाच्या नकाशावर पहिल्या विभागात, म्हणजे सगळ्यात निर्धास्त समजला जायचा. २००२च्या सुधारणेत पहिला विभागच काढून टाकला आणि आपण तिसऱ्यात आलो. औसा तिथून किती लांब आहे हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण तेव्हा ढिगाऱ्यांतून फिरताना एक गोष्ट नजरेत भरली. ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, म्हणजे नीट खणांची बांधणी होती, तिथे भिंती बाहेर ढासळल्या तरी छत पुष्कळदा खांबांवर तसंच उभं राहिलं. जिथे तुळया सरळ भिंतीवर टेकवल्या होत्या तिथे भिंतीबरोबर सगळं खाली. तेव्हा तुमच्या खोलीत पहिल्यांदा हे बघा: तुळई खांबावर आहे की भिंतीवर? खांबाच्या बुडाला वाळवी आहे का? तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा, बोटभर आत गेला तर खांब नुसता दिसायला आहे.

दुसरी गोष्ट माती. माळवदावर दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायची पद्धत, जुनी काढायची मात्र कुणालाच आठवण नसते. दीड फूट थर मी नेहमी पाहतो. वीस बाय तीसच्या खोलीवर दीड फूट म्हणजे नऊशे घनफूट, नऊ ब्रास. ब्रासला साडेचार टन धरले तर चाळीस टन माती तुमच्या डोक्यावर. ओली झाली की आणखी. सहा इंचांवर आणली तर तीनच ब्रास उरते, सहा ब्रास खाली उतरते, आणि एवढ्या एका कामाने निम्मा धोका कमी होतो असं माझं मत आहे. छताला आधार देऊन, दोन्ही बाजूंनी सारखी, थोडी थोडी काढायची. एका बाजूने खोदत गेलात तर तुळया पिळवटतात.

तिसरी भिंत. दोन फूट जाडी बघून लोक म्हणतात किल्ला आहे. प्रत्यक्षात त्या दोन पातळ भिंती असतात, एक आतली, एक बाहेरची, मध्ये चिपा आणि माती. दोन्हींना बांधून ठेवणारे आरपार दगड, गवंडी ज्यांना हेडर म्हणतात, ते बऱ्याच ठिकाणी घातलेलेच नसतात. म्हणून एक तोंड सुटतं, पोट येतं, हादरा बसला की दोन्ही तोंडं दोन बाजूंना. भूकंपानंतर यावर उपाय केला तो साधा होता: ठरावीक अंतरावर भिंतीला आरपार, तीनेक इंचाचं भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडे केलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. दारं-खिडक्यांच्या वरून भोवताली जाळीचा पट्टा, कोपरे त्याने बांधून घ्यायचे. भारतीय मानक १३८२८ आणि १३९३५ यांत हे सगळं आकृत्यांसह दिलेलं आहे. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीनेच करा. माझ्यासारख्याने लांबून लिहिलेलं वाचून नको.

भेगांचं वेगळं. जोतं मुरमापर्यंत गेलेलं नसेल आणि खाली काळी माती असेल तर भिंत दरवर्षी श्वास घेते. उन्हाळ्यात भेगेत बोट जातं, श्रावणात नखही जात नाही. अशी भेग दिसायला भयानक, पण कित्येक वर्षं तशीच असते. जी भेग दर वर्षी वाढते ती खरी वैरी. ओळखायची कशी? भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने दोन्ही बाजूंना चिकटवा, शेजारी तारीख लिहा. उन्हाळा-पावसाळ्याचं एक चक्र पुरं होऊ द्या. काच तडकली आणि तुकडे लांब लांब सरकत राहिले तर मला कळवू नका, सरळ उपअभियंत्यांना कळवा.

आणि कृपा करून सिमेंट नको. आमच्याच खात्याने हे पाप सगळ्यात जास्त केलंय. मातीत बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की आतला ओलावा बाहेर पडत नाही, तो जोत्याजवळ साठतो, खार फुलतो, दगडांमधली माती भुसभुशीत होते. बाहेरून भिंत गुळगुळीत, आतून पोकळ. चुना आणि वाळू, नाहीतर चुना-सुरखी (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) घ्या. चुना भिजवून मुरू द्यावा लागतो, घाई चालत नाही, आणि ठेकेदाराला नेमकी मार्चअखेरची घाई असते. चुन्यात काम केलेला गवंडी मिळतो का, यावर अर्धा निर्णय अवलंबून आहे असं म्हटलं तरी चालेल. देवळाच्या जीर्णोद्धारावरचे गवंडी शोधा. वारसा जपणाऱ्या इनटॅक या संस्थेने २००४ साली असंरक्षित वास्तूंसाठी जी सनद केली, तिच्यात या कारागिरांची विद्या हाही जपायचा वारसा मानलाय. माझ्या ओळखीचा असा शेवटचा माणूस सत्तरीचा आहे आणि त्याचा मुलगा जेसीबी चालवतो.

इथवरचं जमेला धरलं तर तीन गोष्टी हातात येतात: खोलीचं वय कागदाने, तिचा बोलकेपणा डोळ्यांनी, आणि प्रकृती इंजिनिअरकडून. तिन्ही हातात आल्याशिवाय समितीने ठराव घेऊ नये. तोवर त्या खोलीत एकही मूल बसता कामा नये, खिचडीचं सामान ठेवायलासुद्धा आत पाठवू नका. ही अट सैल करायला मी तयार नाही.

पुढे काय ते परिस्थितीवर आहे. खांब सडलेले, भिंतींना दोन-तीन बाजूंनी पोट, आतलं सगळं बदललेलं असेल तर निर्लेखन करा, पण आधी चारही भिंतींचे समोरून फोटो, मापांचा नकाशा आणि खोलीत शिकलेल्या चार-पाच जणांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. दारातली फरशी आणि फळ्याचा तुकडा निघाला तर नव्या खोलीत बसवा. सागवान लिलावात घालण्याआधी नव्या खोलीत त्याचं कपाट-बाकं होतात का ते विचारा.

खोली बोलकी असेल आणि दुखणं एका भिंतीचं किंवा नुसत्या मातीचं असेल तर मी राखायच्या बाजूचा. मात्र वर्गखोली म्हणून नव्हे. समितीने मागायचं ते असं: नव्या वर्गखोलीची जागा आवारात दुसरीकडे धरावी आणि जुनी खोली दुरुस्त करून शाळेचं ग्रंथालय करावं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलेलंच आहे, तेव्हा ही मागणी हट्ट ठरत नाही. मालकी जिल्हा परिषदेचीच राहू द्या, ग्रामपंचायतीच्या नावावर करायच्या भानगडीत दोन वर्षं जातात. पैसा थोडा जिल्हा नियोजनातून, थोडा लोकवर्गणीतून. एखादी कंपनी पुढे आली तर कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण आणि ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती, दोन्ही बसतात. दुरुस्ती नव्या खोलीपेक्षा स्वस्तच पडेल असं आश्वासन मी देत नाही. कधी पडते, कधी नाही. चुना दुरून आणावा लागला की गणित बदलतं.

एक अडचण मात्र मी सोडवू शकत नाही, ती पटाची. २०२३पासून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायची चर्चा चालू आहे. तुमचा पट त्या रेषेच्या जवळ असेल तर आज राखलेली खोली उद्या ओस आवारात उभी राहील आणि माळवदाला रोज वावरणारं माणूस लागतं, नाहीतर दोन पावसाळ्यांत ते बसतं. त्या परिस्थितीत शाळेपेक्षा गावाचं वाचनालय किंवा बचत गटाच्या बायकांची बैठक तिथे हलवता येते का ते आधी विचारा. त्यांच्याकडून 'हो' आलं तरच खर्चात पडा.

माझ्याकडे फोटो पाठवायचे असतील तर सहा पाठवा: तुळई जिथे टेकते ती जागा, खांबाचं बूड, पन्हाळीखालची भिंत बाहेरून, दोन्ही आखूड भिंती आतून, आणि पडवीवरचं एक कौल उलटं करून. वर कुणाला चढवू नका, कौल पडवीच्या कडेचंच काढा, ते शिडीवरून हाताला येतं.